बडे बाबूंचा मासा

रविवारी सकाळी सहा वाजता शांताराम वैरागडे कणीक मळत होते. वय एकाहत्तर, गळ्यात मफलर, आणि पुढ्यातल्या परातीत मूठभर कणीक, तेवढंच बेसन, चिमूटभर हिंग. हा सगळा सरंजाम माशांसाठी होता. सुचेताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि लग्न झाल्यापासून विचारत आल्या होत्या तेच विचारलं, की पोळ्यांची कणीक कधी अशी प्रेमानं मळून दिली आहे का. एरवी शांतारामभाऊंनी या प्रश्नाला तीन उत्तरं दिली असती. आज ते नुसती कणीक मळत राहिले, तेव्हा बाईंनी सांबारवडीचा डबा भरायला घेतला.

जयंतराव बेडेकर मंगळवारच्या गाडीनं भोपाळ सोडून कायमचे पुण्याला, मुलीकडे चालले होते. त्यांच्या पत्नीचा, शोभावहिनींचा, आदल्या संध्याकाळी फोन आला होता. उद्या सकाळी हे तळ्यावर जायचं म्हणताहेत, शेवटचंच, तुम्ही असाल ना भाऊजी, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं होतं. गेले अकरा महिने जयंतराव शांतारामभाऊंशी एक अक्षर बोलले नव्हते. चूक आपली आहे याबद्दल शांतारामभाऊंच्या मनात शंका नव्हती. माफी मागायची होती, आणि त्यासाठी ही एकच सकाळ उरली होती.

शांतारामभाऊंचे वडील छप्पन साली, मध्य प्रदेशची राजधानी हलल्यावर, नागपूरच्या सचिवालयाबरोबर, फायलींच्या पेट्यांवर बसूनच म्हणा ना, भोपाळला आले. तेव्हा शांताराम दोन वर्षांचे होते. पुढे ते सिंचन खात्यात ट्रेसर झाले. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदाखाली ठेवायचा आणि शाईनं तंतोतंत उतरवायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. धरणाची भिंत, कालव्याचं वळण, सगळं त्यांच्या हातचं. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत साहेब, मोठे साहेब, त्याहून मोठे साहेब अशा सह्या असत. ट्रेसरची इवलीशी आद्याक्षरं अगदी कडेला, आणि नकला कापून सारख्या करताना ती कडेबरोबर बहुधा केराच्या टोपलीत जायची. याचं त्यांना वाईट वाटे का? विचारलं तर ते हसत आणि म्हणत की आपल्याला कोण ओळखतं. पण हे ते फार वेळा म्हणत.

कोटरा सुल्तानाबादमधल्या त्यांच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक बाग आहे. पुढच्या अंगाला मुलांचे झोके, मागच्या अंगाला तळं. तळ्याच्या मागच्या काठावर गळ टाकून बसायला कोणाची आडकाठी नसते. दहा वर्षांपूर्वी तिथल्याच बाकावर जयंतराव भेटले, आणि पहिली भेट भांडणानं झाली. जयंतराव एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे सदाशिव पेठेतले. गळ्यात हातभर लांब भिंग लावलेला कॅमेरा. तुमची काठी हलते आणि माझे पक्षी उडतात, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या खटखटीनं माझे मासे पळतात, असं यांचं. दोघंही खोटं बोलत होते, कारण त्या दिवशी तळ्यावर ना पक्षी होते ना मासे.

तिथून मैत्री झाली. जयंतराव शुद्ध शाकाहारी. मासा गळाला लागला की नाकाला रुमाल लावत, पण बाक सोडून जात नसत. नागपूरची कोथिंबिरीची सांबारवडी श्रेष्ठ की पुण्याची बाकरवडी, हा वाद दहा हिवाळे चालला आणि निकालात निघाला नाही.

आणि मग बडे बाबू. हा एक राखी बगळा होता. खांदे पाडून, मान आत ओढून तो तासन्‌तास एका जागी उभा राहायचा. शांतारामभाऊंना आपल्या ऑफिसातले हेडक्लार्क आठवले आणि नाव पडलं. डाव्या पायाचं एक बोट वाकडं होतं, त्यामुळे दर हिवाळ्यात तोच आला आहे हे ओळखता येई. एकदा गळाला बोटभर मासा लागला. एवढासा घरी काय न्यायचा म्हणून शांतारामभाऊंनी तो बडे बाबूंकडे भिरकावला. बडे बाबूंनी मान लांब करून तो वरच्या वर टिपला, आणि जयंतराव रुमाल धरायचंच विसरले.

त्या दिवसापासून तो रिवाजच झाला. मोठा मासा घरी, बोटभर मासा बडे बाबूंचा. जयंतराव डोळा कॅमेऱ्याला लावून नुसतं "हं" म्हणायचे, शांतारामभाऊ मासा फेकायचे, आणि मागून खटखट आवाज यायचा. घरी गेल्यावर जयंतराव दहा-बारा फोटो मोबाइलवर पाठवत. कशात मासा अर्धा कापला जाई, कशात बडे बाबूंचा डोळाच मिटलेला. हवा तो फोटो मिळत नव्हता.

मग जयंतरावांचा हात थरथरायला लागला. आधी थर्मासच्या झाकणातला चहा सांडू लागला, मग कॅमेरा हलू लागला. दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही. एका सकाळी शांतारामभाऊ बाकावरून उठले, बाकासमोरच्या पायरीवर पाठमोरे बसले आणि आपल्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. थोड्या वेळानं त्या खांद्यावर भिंगाचं वजन आलं. अडचण एकच होती. उजव्या हातानं मासा फेकला की डावा खांदा हले. त्यावरही शांतारामभाऊंनी तोड काढली. घरी खांद्यावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवून ते पलंगावर बटाटे फेकायचा सराव करू लागले. सुचेताबाईंनी पुण्याच्या बहिणीला फोन करून सांगितलं की यांचं डोकं फिरलंय. महिन्याभरात श्वास रोखून, नुसत्या मनगटानं फेकायचं त्यांना जमलं. वाटीतलं पाणी सांडेनासं झालं.

तो फोटो गेल्या जानेवारीच्या सुरुवातीला मिळाला. मासा हवेत, चोचीपासून वीतभर अंतरावर. बडे बाबूंची मान सरळ ताणलेली, आणि माशाच्या अंगावरून उडालेले पाण्याचे थेंब एकेक मोजून घ्यावेत असे. जयंतराव कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, की आता हात राहिला नाही तरी चालेल.

महिनाअखेरीस महाराणा प्रताप नगरातल्या एका हॉलमध्ये पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, हौशी मंडळींनी भरवलेलं. जयंतरावांच्या फोटोला पहिलं बक्षीस. शांतारामभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, सुचेताबाईंना घेऊन गेले. फोटोपुढे गर्दी होती. जुई नावाची एक मुलगी, संयोजकांपैकीच, लोकांना सांगत होती की असा क्षण जन्मात एकदा मिळतो. शांतारामभाऊंना राहवलं नाही.

"मिळाला नाही, बेटा," ते म्हणाले. "मी फेकला. तो मासा माझा आहे."

आणि मग ते सुटलेच. पायरीवर कसं बसायचं, श्वास कसा रोखायचा, मनगट कसं वळवायचं, सगळं त्यांनी पंधरा-वीस लोकांच्या घोळक्यात करून दाखवलं. लोक हसले, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. जुई मात्र हसता हसता थांबली आणि परीक्षकांना शोधायला गेली. पक्ष्याला खाणं दाखवून जवळ बोलावलेलं नसावं, अशी अट होती. शांतारामभाऊंना ती ठाऊक नव्हती. तासाभरात फोटोवरची बक्षिसाची लाल फीत काढण्यात आली, आणि काढायच्या आधी माइकवरून कारणही सांगण्यात आलं. जयंतरावांनी घोळक्यातून एकदा शांतारामभाऊंकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग भिंतीवरची फ्रेम उतरवून, काखेत धरून, ते जिना उतरून गेले.

त्यानंतर फोन उचलला गेला नाही. शांतारामभाऊ तीनदा त्यांच्या घरी गेले, तीनदा शोभावहिनींनी दारातच सांगितलं की ते झोपलेत, आणि सांगताना त्यांचे डोळे खाली होते. चौथ्यांदा जायचा धीर झाला नाही. आपल्या जिभेला हाड नाही हे त्यांना जन्मभर लोक सांगत आले होते, ते त्यांनी आता मान्य केलं. तळ्यावर ते जात, पण बडे बाबूंकडे मासा फेकणं बंद केलं. जणू सगळा दोष त्या फेकण्यातच होता. बडे बाबू बिचारे येऊन उभे राहत आणि निघून जात.

तर त्या रविवारी शांतारामभाऊ साडेसहालाच बाकावर जाऊन बसले. तळ्यावर धुकं होतं. गळाला कणकेची गोळी लावून त्यांनी तंगुसाचा दोरा पाण्यात सोडला, खुणेला बांधलेलं मोरपिसाचं देठ पाण्यावर उभं राहिलं, आणि ते मनातल्या मनात वाक्य घोकू लागले. जयंतराव, त्या दिवशी माझं तोंड आवरलं नाही, मला माफ करा. एवढंच. यापुढे एक शब्द वाढवायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

साडेसातला रिक्षा फाटकाशी थांबली. शोभावहिनींनी जयंतरावांना आत आणून सोडलं आणि कोटऱ्यातल्या ओळखीच्यांचा निरोप घ्यायला त्या पुढे गेल्या. जयंतराव काठी टेकत आले. फारच वाळले होते. गळ्यात कॅमेरा होता. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. शांतारामभाऊंनी नमस्कार केला, त्यांनीही केला. थंडी कशी आहे, सामान बांधून झालं का, मुलगी ऋचा न्यायला येणार आहे का, असं थोडं बोलणं झालं. अकरा महिन्यांनंतर तो आवाज ऐकून शांतारामभाऊ बाकावर थोडे पुढे सरकले. आता बोलावं, असं त्यांनी ठरवलं.

"जयंतराव, त्या दिवशी माझं तोंड..."

"पाणी यंदा बरंच खाली गेलंय," जयंतराव तळ्याकडे बघत म्हणाले.

शांतारामभाऊंनी मान डोलावली. खरंच गेलं होतं. वाक्य तसंच अर्धं राहिलं.

धुकं विरलं तसे बडे बाबू आले. पलीकडच्या काठावरून संथ उडत येऊन, नेहमीच्या जागी, पायरीपासून सात-आठ हातांवर उतरले. वाकडं बोट, पडलेले खांदे. त्याच वेळी मोरपिसाचं देठ बुडालं. शांतारामभाऊंनी काठी उचलली. बोटभर मासा होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी दोघंही हसले असते. मासा मुठीत घेऊन शांतारामभाऊ नुसते बसून राहिले. फेकला तर जुनी जखम उघडी होणार, न फेकला तर जयंतरावांची ही सकाळ फुकट जाणार. बाकाच्या कडेवर टकटक आवाज होऊ लागला. जयंतराव कॅमेरा उचलायला बघत होते आणि भिंग बाकावर आपटत होतं.

शांतारामभाऊ उठले. पायरीवर पाठमोरे बसले. डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि श्वास रोखून वाट बघू लागले. मुठीत मासा वळवळत होता. बडे बाबूंनी मान पुढे काढली होती. खांद्यावर वजन येईना. पाठीमागून "हं" ऐकू येईना. शेवटी श्वास सुटला, आणि त्यांनी मनगट वळवून मासा फेकला. बडे बाबूंनी तो टिपला. मागे खट असा आवाज झाला नाही.

ते वळले. जयंतरावांनी कॅमेरा मांडीवर ठेवला होता आणि दोन्ही हात त्यावर दाबून धरले होते.

"वैरागडे, नियम मला माहीत होता," ते म्हणाले. "तुम्हाला वाटतं मी तुमच्यावर चिडलो. तसं नाही. फॉर्मवर एक रकाना होता, मदत कोणाची घेतली म्हणून. मी तिथं 'कोणाचीही नाही' असं लिहिलं. फोटोच्या उजव्या कडेला तुमचा हात आला होता, तो मी कापून टाकला. तुम्ही हॉलमध्ये लोकांना सगळं इतक्या आनंदानं सांगत होतात, आणि मी तुम्हाला कापून आलो होतो. मग तोंड कसं दाखवू तुम्हाला?"

अकरा महिने जो माणूस माफी मागायची तालीम करत होता, त्याच्यासमोर कोणी माफी मागत होतं. दोन शब्द पुरले असते. जाऊ द्या, म्हटलं असतं तरी झालं असतं. पण शांतारामभाऊंच्या कानात तेच शब्द घुमत होते, कोणाचीही नाही. खांद्यावरची पाण्याची वाटी त्यांना आठवली. चौतीस वर्षांत साहेबांनी नाव घातलं नाही त्याचं काही वाटलं नव्हतं, ते साहेब होते. हा तर आपला माणूस होता. तोंडून निघालं ते भलतंच.

"गाडी किती वाजता आहे?"

जयंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "साडेतीनला. राणी कमलापतीहून."

"म्हणजे आपलं जुनं हबीबगंज."

"हं. हबीबगंज."

शांतारामभाऊ तंगूस गुंडाळू लागले. गुंता झाला होता, तो सोडवायच्या निमित्तानं मान खाली घालता आली. शोभावहिनी परत आल्या. निघताना जयंतरावांनी पिशवीतून एक खाकी पाकीट काढून बाकावर ठेवलं, घरी गेल्यावर बघा म्हणाले, आणि थोडे थांबले. शांतारामभाऊंनी बरं म्हटलं. मग काठीचा आवाज फाटकापर्यंत गेला आणि रिक्षा सुरू झाली. बडे बाबू अजून तिथंच उभे होते. सांबारवडीचा डबा द्यायचा राहिला होता.

भरलेला डबा परत आलेला बघून सुचेताबाईंनी काय झालं ते विचारलं. शांतारामभाऊंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, की चुकला माणूस, कबूलही केलं त्यानं, आता ताणू नका. शांतारामभाऊंनी पाकीट न उघडता कपाटावर टाकलं. आत काय असणार, तो कापलेला फोटो. तो त्यांना बघायचा नव्हता.

मंगळवारी दुपारी दोन वाजता सुचेताबाईंनी त्यांचे बूट पलंगापाशी आणून ठेवले. शांतारामभाऊंनी ते घातले. नाड्या बांधल्या. पावणेतीनपर्यंत तसेच बसले, आणि मग बूट काढून ठेवले. साडेतीनला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सुचेताबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीत शोभावहिनींचा पुण्याहून फोन आला. न्यूमोनिया झाला होता, आठ दिवस दवाखान्यात होते, काल पहाटे गेले. शांतारामभाऊ ऐकत उभे राहिले. वहिनीच सावरून पुढे म्हणाल्या, "भाऊजी, ते पाकीट उघडलंत ना? ह्यांनी दवाखान्यात दोनदा विचारलं. वैरागड्यांचा फोन आला का म्हणून."

"उघडलं वहिनी," शांतारामभाऊ म्हणाले. "त्याच दिवशी उघडलं."

फोन ठेवून त्यांनी स्टूल ओढलं आणि कपाटावरून पाकीट काढलं. त्यावर धूळ बसली होती. आत फोटो होता, पण कापलेला नव्हता, पुरा होता. मध्ये बडे बाबू, हवेत मासा, आणि उजव्या कडेला मनगटापासून पुढे एक म्हातारा हात. बोटं नुकतीच उघडलेली, त्यांच्या टोकांना पाण्याचे थेंब. आपला हात असा दिसतो हे शांतारामभाऊंना माहीत नव्हतं. फोटो उलटा केला. मागे शाईनं दोन नावं लिहिली होती, जयंत बेडेकर आणि शांताराम वैरागडे, एकाखाली एक. अक्षरं वेडीवाकडी होती. रेघ जागोजाग तुटली होती आणि पुन्हा धरून पुढे नेली होती. त्यांचा जन्म रेघा ओढण्यात गेला होता, ही दोन नावं लिहायला किती वेळ लागला असेल ते त्यांना बरोबर कळलं. ते स्टुलावरच बसले आणि मोठ्यानं रडले. सुचेताबाई आतून धावत आल्या, त्यांनी फोटो बघितला आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आता तो फोटो त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. येणारेजाणारे बघतात, वा म्हणतात, कोणी काढला म्हणून विचारतात. शांतारामभाऊ सांगतात, जयंतराव बेडेकरांनी काढला, मोठा माणूस, पुण्याचे. कडेला दिसणारा हात कोणाचा, असंही एखादा विचारतो. त्यावर ते चहा ठेवायला सांगत स्वयंपाकघरात जातात, आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत.